बेसबॉलमध्ये लहान टीमला पैसे मिळतात, तरी ती खर्च का करत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आयपीएलमध्ये सगळ्या टीमना सारखीच पर्स असते, मग अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स ४० कोटी डॉलरच्या वर पेरोल (खेळाडूंच्या पगाराची बेरीज) ठेवतात आणि मायामी मार्लिन्स ७-८ कोटींत भागवतात हे चालवून कसं घेतात? रेव्हेन्यू शेअरिंग, म्हणजे कमाई क्लबमध्ये वाटून घेणं, आहे म्हणतात, तर तो पैसा जातो कुठे? आणि टीमच्या एकूण पगारावर कॅप, म्हणजे वरची मर्यादा, लावली की प्रश्न सुटेल ना?

मी या धंद्यात हिशेबाच्या बाजूने आहे, म्हणजे क्लबची लोकल कमाई, स्टेडियमचे करार, टीव्हीच्या फीचं व्हॅल्यूएशन असली कामं बरीच वर्षं करतोय, त्यामुळे मी मैदानापेक्षा वहीतूनच सांगणार. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना कुठे चाललोय ते कळेल. पैसा लहान टीमपर्यंत पोचतो, चांगला भरपूर पोचतो. पण तो खेळाडूंवर खर्च करायला लावणारा नियम कमजोर आहे, आणि स्वतःहून खर्च करावासा वाटेल असं गणितही नाहीये. वरून कॅप लावल्याने यातलं काहीच बदलत नाही.

आधी आयपीएलचं बघू, कारण तिथला फरक कळला की अर्धं काम झालं. २०२५ च्या मेगा ऑक्शनला प्रत्येक फ्रँचायझीची पर्स १२० कोटी रुपये होती. हे जमतं कारण टीव्ही आणि डिजिटलचे हक्क बीसीसीआय एकत्र विकते, २०२३ ते २०२७ साठी ४८,३९० कोटींना विकले, आणि त्यातला मोठा हिस्सा सगळ्या टीममध्ये वाटला जातो. म्हणजे मुंबई असो की लखनौ, कमाईचा पाया जवळपास सारखाच. अमेरिकन फुटबॉलमध्येही तेच, एनएफएलचे जवळजवळ सगळे टीव्ही हक्क राष्ट्रीय पातळीवर विकले जातात, म्हणून १९९४ पासून तिथे कॅप नीट चालली.

बेसबॉलचं उलटं आहे. एका टीमच्या सीझनला १६२ मॅच, ३० टीम, म्हणजे लीगच्या २४३० मॅच झाल्या फक्त साखळीच्या. एवढ्या मॅच कुठलं राष्ट्रीय चॅनल दाखवणार? म्हणून फॉक्स, ईएसपीएन, टीबीएस वगैरेंकडून थोड्या मॅचचे जे राष्ट्रीय पैसे येतात ते ३० जणांत समान वाटले जातात, आणि बाकी जवळपास सगळं लोकल चॅनलवर, ते हक्क क्लबचे स्वतःचे. डॉजर्सनी २०१३ मध्ये टाइम वॉर्नर केबलबरोबर २५ वर्षांचा ८३५ कोटी डॉलरचा करार केला, २०१४ पासून लागू. सरासरी काढा, वर्षाला ३३ कोटींच्या वर, तिकीट, पार्किंग, जर्सी, बियर हे सगळं सोडून. लहान शहरातल्या क्लबला लोकल टीव्हीतून याच्या चौथा हिस्साही मिळत नाही. पेरोलमधली दरी इथून सुरू होते, मालकाच्या मनाचा मोठेपणा किंवा कंजूषपणा ही त्याच्यानंतरची गोष्ट.

आता शेअरिंग कसं चालतं ते. नियम ऐकायला एकदम सोपा आहे: प्रत्येक क्लबने आपल्या निव्वळ लोकल कमाईच्या ४८ टक्के एका पूलमध्ये टाकायचे, आणि तो पूल ३० समान भागांत वाटायचा. निव्वळ म्हणजे लोकल कमाईतून स्टेडियम चालवायचा खर्च वजा करून. समजा एका मोठ्या क्लबची अशी कमाई ४० कोटी डॉलर आहे, एका लहान क्लबची १० कोटी, आणि सगळ्या ३० क्लबची सरासरी २० कोटी (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत). मोठा टाकतो १९.२ कोटी, लहान टाकतो ४.८ कोटी, आणि दोघांनाही परत मिळतात ९.६ कोटी. म्हणजे मोठ्याच्या खिशातून ९.६ कोटी गेले, लहानाच्या खिशात ४.८ कोटी वाढले, एकाचे ४० चे ३०.४ झाले आणि दुसऱ्याचे १० चे १४.८. आधी चौपट अंतर होतं ते दुपटीवर आलं. ही फार मोठी गोष्ट आहे, हे शेअरिंग नावापुरतं आहे असं म्हणणारे हा हिशेब करत नाहीत.

पण आता याच उदाहरणातल्या लहान क्लबच्या मालकाच्या खुर्चीत बसून बघा. तो म्हणतो, मी एक चांगला पिचर (म्हणजे बेसबॉलचा बोलर) घेतो, टीम जिंकायला लागेल, स्टेडियम भरेल, लोकल कमाई वाढेल. बरोबर. पण वाढलेल्या प्रत्येक डॉलरमधले ४८ सेंट पूलमध्ये जाणार आणि पूलमधून त्याला त्याचा तिसावा हिस्सा म्हणजे १.६ सेंट परत येणार, हातात राहतात ५३.६ सेंट. मोठ्या क्लबच्या मालकालाही हाच दर लागतो, पण त्याच्या शहरात जिंकल्यावर येणारे डॉलर कितीतरी जास्त आहेत, म्हणून अर्धे गेले तरी त्याला परवडतं. लहान शहरात मुळात वाढच थोडी आणि त्यातली अर्धी वाटण्यात जाणार. उलट काहीच केलं नाही, टीम हरत राहिली, कमाई तशीच राहिली, तर पूलचा चेक ठरलेल्या वेळी येतोच. म्हणजे लहान क्लबला मदत करायला केलेला नियम त्याच क्लबला सांगतो की धडपड करू नकोस. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट कुठली असेल तर ही, आणि टीव्हीवरच्या चर्चेत ती कधी येत नाही कारण ती पडद्यावर दाखवता येत नाही.

आता कोणी म्हणेल की लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्यातल्या करारात लिहिलंय ना, शेअरिंगचा पैसा मैदानावरची कामगिरी सुधारायला वापरायचा. लिहिलंय खरं. पण मैदानावरची कामगिरी म्हणजे काय? नवीन अ‍ॅकॅडमी, डॉमिनिकन रिपब्लिकमधले स्काउट, डेटा अ‍ॅनालिस्ट, असं बरंच काही त्यात बसवता येतं, आणि हिशेबाच्या बाजूने बसवायला काही अवघड नसतं.

मार्लिन्सचंच घ्या. २००६ मध्ये त्यांचा पेरोल साधारण दीड कोटी डॉलर होता, त्याच वर्षी न्यूयॉर्क यँकीजचा साडेएकोणीस कोटींच्या आसपास. २०१० मध्ये काही क्लबची आर्थिक कागदपत्रं फुटली तेव्हा दिसलं की मार्लिन्सना २००८ आणि २००९ मिळून ९ कोटी डॉलरच्या वर शेअरिंग मिळालं होतं, २००८ ला तर त्यांचा पेरोल होता सव्वादोन कोटींच्या आत आणि शेअरिंगचा चेक त्याच्या दुपटीच्या वर, आणि वर क्लब नफ्यात. खेळाडूंची युनियन आणि लीग दोघांनी मिळून त्या वर्षाच्या सुरुवातीला क्लबकडून खर्च वाढवायचं कबूल करून घेतलं होतं. मग २०१२ ला मायामीत नवं स्टेडियम उघडलं, ६० कोटींच्या वर खर्च आणि त्यातला बहुतेक जनतेचा पैसा, आणि त्या हंगामासाठी होजे रेयेसला ६ वर्षांचे १०.६ कोटी देऊन आणलं, बाकीही मोठे खेळाडू आणले. टीम हरली. त्याच नोव्हेंबरमध्ये रेयेससकट अर्धी टीम टोरोंटोला ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंच्या बदल्यात, देऊन टाकली. ज्या माणसाने उन्हाळ्यात सीझन तिकीट घेतलं, त्याच्या शहराने स्टेडियमचं कर्ज डोक्यावर घेतलं, त्याला हिवाळ्यात कळलं की टीमच नाहीये. २००२ मध्ये १५.८ कोटींना घेतलेला क्लब मालकाने २०१७ मध्ये १२० कोटींना विकला. वर्षाचा नफा किती झाला यावर लोक भांडत बसतात, पण क्लबच्या मालकाची खरी कमाई विकतानाच होते आणि त्या कमाईतलं एक पैसाही पूलमध्ये जात नाही.

पिट्सबर्ग पायरेट्स १९९३ ते २०१२ सलग २० सीझन हरण्याच्या बाजूला राहिले. त्याच फुटलेल्या कागदांत २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून त्यांचा नफा जवळजवळ ३ कोटी डॉलर दिसला होता. (आपल्याकडच्या लोकांना या क्लबचं नाव ओळखीचं वाटेल, २००८ च्या शेवटी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक करणाऱ्या भारतीय पोरांना करारावर घेतलं ते यांनीच. ज्याला फ्री एजंट (करार संपून कुठल्याही क्लबला जायला मोकळा असलेला खेळाडू) परवडत नाही किंवा घ्यायचा नाही तो जगभर स्वस्त हात शोधत फिरतो, आणि त्यात वाईट काही नाही, पण त्याने पेरोलचा प्रश्न सुटत नाही.)

नियमाला दात कधी आले? करारात एक अट आहे, क्लबचा पेरोल त्याला मिळणाऱ्या शेअरिंगच्या दीडपटीपेक्षा कमी असेल आणि युनियनने तक्रार केली, तर पैसा नीट वापरला हे सिद्ध करायची जबाबदारी क्लबवर येते. हिचा परिणाम बघायचा तर अ‍ॅथलेटिक्स नावाचा क्लब बघा. हा क्लब ओकलंडला होता, म्हणजे कागदावर सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या मोठ्या बाजारात, आणि मोठ्या बाजारातल्या क्लबला शेअरिंग घेता येत नाही, म्हणून २०१६ च्या करारात त्यांचा हिस्सा दरवर्षी कमी करत २०२० पर्यंत शून्यावर आणला. २०२२ च्या करारात तो परत सुरू केला, अट अशी की १५ जानेवारी २०२४ च्या आत नवीन स्टेडियमचा करार पक्का झाला पाहिजे. त्यांनी लास वेगासला जायचं ठरवलं, मालकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली, हिस्सा चालू राहिला. मग २०२४ च्या हिवाळ्यात वर्षानुवर्षं हात आखडून बसलेल्या या क्लबने अचानक लुईस सेवेरिनोला ३ वर्षांचे ६.७ कोटी दिले, क्लबच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा करार, तोही लास वेगासचं स्टेडियम होईपर्यंत सॅक्रामेंटोच्या मायनर, म्हणजे खालच्या, लीगच्या मैदानावर खेळायला. त्यावेळच्या बातम्यांचा सूर एकच होता, पेरोल साडेदहा कोटींच्या आसपास नेला नाही तर युनियन तक्रार टाकणार. म्हणजे बघा, नियमात आकडा असला की क्लब हलतो, नुसता "कामगिरी सुधारा" असा शब्द असला की हलत नाही.

हे लोकांना २००० सालीच कळलेलं होतं. तेव्हा लीगने एक समिती नेमली होती, येल विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड लेविन, माजी सेनेटर जॉर्ज मिचेल, फेडरल रिझर्व्हचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर आणि स्तंभलेखक जॉर्ज विल. त्यांनी सांगितलं की लोकल कमाईचा ४० ते ५० टक्के भाग वाटा, ८.४ कोटींच्या वरच्या पेरोलवर ५० टक्के टॅक्स लावा, आणि सगळ्यांना किमान ४ कोटींचा पेरोल ठेवायला लावा. पहिल्या दोन गोष्टी कमीजास्त फरकाने लागू झाल्या. तिसरी, म्हणजे तळाचा आकडा, पंचवीस वर्षांनंतरही करारात आलेली नाही. त्यावेळी १० कोटी म्हणजे फार मोठा पेरोल होता, आज सगळे आकडे बदललेत, पण सल्ला तिथल्या तिथेच आहे.

आता टॅक्सबद्दल, कारण डॉजर्सचं नाव निघालं की लोक हेच विचारतात. लक्झरी टॅक्स आणि रेव्हेन्यू शेअरिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक पेरोलवर आहे आणि दुसरी कमाईवर. २०२५ मध्ये टॅक्सची पहिली रेषा २४.१ कोटी होती. सलग तिसऱ्या वर्षी किंवा त्याहून जास्त वेळ रेषा ओलांडली की मूळ दर ५० टक्के, आणि वर अधिभार चढत जातो: रेषेवरच्या पहिल्या २ कोटींवर ५० टक्के, पुढच्या २ कोटींवर ६२, त्याच्या पुढच्या २ वर ९५, आणि त्यावर कितीही असो, ११० टक्के. डॉजर्सचा टॅक्ससाठी मोजलेला पेरोल ४१.७ कोटींच्या आसपास होता, म्हणजे रेषेच्या १७.६ कोटी वर. १ अधिक १.२४ अधिक १.९ अधिक उरलेल्या ११.६ कोटींवरचे १२.८, बेरीज करा, साधारण १६.९ कोटी टॅक्स. वरच्या पट्टीत एक खेळाडू १ कोटीला घेतला तर त्यांना तो २.१ कोटींना पडतो. आणि तरीही घेतात, कारण जपानी स्टार शोहेई ओहतानी आल्यापासून जपानमधून येणारी जाहिरात, प्रेक्षक, जर्सी हे सगळं त्यांच्या गणितात बसतं. फक्त टॅक्सच मार्लिन्सच्या पेरोलच्या दुप्पट आहे हे वाचून राग येतो, मलाही येतो.

ओहतानीच्या करारावर बरेच लोक चोरी म्हणून बोट ठेवतात, १० वर्षांचे ७० कोटी, त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये द्यायचे. पण उशिरा मिळणारा पैसा आजच्या किमतीत कमीच भरतो, म्हणून टॅक्ससाठी तो वर्षाला ७ कोटी न धरता ४.६ कोटींच्या आसपास धरतात, आणि हे गणित मला योग्य वाटतं. डेफरल कुठल्याही क्लबला खुलं आहे. प्रश्न असा की २०३४ ला ६.८ कोटी देता येतील इतका भरवसा कुठल्या क्लबला स्वतःच्या कमाईवर आहे, आणि तो भरवसा पुन्हा त्याच लोकल टीव्हीवर जाऊन थांबतो.

हा टॅक्सचा पैसा गरीब क्लबना जातो असा सरसकट समज आहे, तो बरोबर नाही. सध्याच्या करारात पहिले ३५ लाख खेळाडूंच्या सुविधांना, उरलेल्यातले अर्धे खेळाडूंच्या निवृत्ती खात्यांत, आणि अर्धे कमिशनरच्या (लीगच्या प्रमुखाच्या) एका निधीत, ज्यातून शेअरिंग घेणाऱ्या अशा क्लबना पैसे मिळतात ज्यांनी टीव्ही सोडून बाकीची लोकल कमाई वाढवून दाखवलीय. हा शेवटचा तुकडा मला फार आवडतो. धडपड करणाऱ्याला बक्षीस देणारा सगळ्या करारात हाच एक कोपरा आहे, आणि तो फार लहान आहे.

मग स्पर्धा खरंच मेली आहे का? इथे मी दोन्ही बाजूंना थोडं थांबवतो. २००१ ते २०२५ या २५ सीझनमध्ये १६ वेगवेगळ्या टीमनी वर्ल्ड सिरीज (लीगची फायनल) जिंकली, आणि यँकीजच्या १९९८ ते २००० नंतर सलग दोनदा जिंकायला थेट डॉजर्सचं २०२४ आणि २०२५ यावं लागलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी तोपर्यंतचा सगळ्यात मोठा पेरोल ठेवला, १० कोटी टॅक्स भरला आणि ८७ मॅच हरले. हुआन सोतोला १५ वर्षांचे ७६.५ कोटी देऊनही २०२५ ला प्लेऑफला पोचले नाहीत. आणि मिलवॉकी, लीगमधला सगळ्यात छोटा बाजार, २०२५ ला ९७ मॅच जिंकून साखळीत सगळ्यांच्या वर राहिला. टॅम्पा बे २०१९ ते २०२३ सलग पाच वर्षं प्लेऑफमध्ये होते. म्हणजे अक्कल असेल तर थोड्या पैशात जमतं. लीगचे वकील, युनियनचे वकील, दोघंही आपापल्या सोयीने हीच उदाहरणं देतात.

पण वर्ल्ड सिरीजवरून मोजू नका. बेसबॉलमध्ये सात मॅचच्या मालिकेत नशीब फार चालतं, पैशाचा जोर दिसतो तो दर वर्षी दारात उभं राहता येतं का यात. डॉजर्स २०१३ पासून २०२५ पर्यंत एकदाही प्लेऑफ चुकलेले नाहीत. मिलवॉकीचं नियोजन एका वर्षी फसलं तर पुढची तीन वर्षं भरून काढण्यात जातात, डॉजर्सचं फसलं तर ते पुढच्या हिवाळ्यात दुसरा खेळाडू घेतात. पैशाने ट्रॉफी मिळत नाही, चूक झाली की ती पटकन भरून काढता येते, आणि १६२ मॅचच्या सीझनमध्ये, दहा वर्षांच्या हिशेबात, हाच फरक सगळ्यात मोठा ठरतो. त्याच २०२५ ला प्लेऑफमध्ये मिलवॉकी डॉजर्ससमोर आले आणि ४-० हरले, शेवटच्या मॅचला ओहतानीने स्वतः पिचिंग करून १० जण बाद केले आणि तीन होमरनही मारले.

खेळाडूंच्या बाजूने बघायचं तर पॉल स्कीन्स बघा. पायरेट्सचा पिचर, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला, २०२५ ला त्याचा ईआरए १.९७, नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार एकमताने, आणि जिंकणं-हरणं १०-१०. दर नऊ इनिंगला दोन रनसुद्धा न देणारा माणूस दहा वेळा हरला कारण बॅटिंगला मागे कोणी नाही. पगार त्या वर्षी ८ लाख ७५ हजार डॉलर. पहिली तीन वर्षं खेळाडूला भाव करायचा हक्कच नसतो, किमान वेतन २०२५ ला ७ लाख ६० हजार, मग आर्बिट्रेशन (वाद झाला तर पगार लवाद ठरवतो), आणि फ्री एजंट व्हायला पूर्ण सहा वर्षांची सेवा. २०२२ पासून तरुण खेळाडूंसाठी ५ कोटींचा बोनस पूल आहे, त्यातून स्कीन्सला ३४ लाखांच्या आसपास मिळाले, पण तोही सगळ्या क्लबनी मिळून भरलेला. लहान क्लबचं सगळं गणित या सहा वर्षांवर उभं आहे: मुलगा स्वस्त असताना वापरा, महाग व्हायच्या आधी ट्रेड करा. त्याच्या खाली ट्रिपल-ए ला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीला, खेळणारी पोरं, त्यांना २०२३ च्या पहिल्या मायनर लीग करारानंतर वर्षाला किमान ३५,८०० डॉलर मिळायला लागले, आधी १७,५०० होते. पगारातली विषमता टीम-टीममध्ये आहे तशी एकाच क्लबच्या आतही आहे, आणि कॅपच्या चर्चेत ही मंडळी कुठेच नसतात.

कॅपला युनियन एवढा का विरोध करते हे आपल्याकडून बघताना हट्टीपणा वाटतो. पण त्यांचा इतिहास बघा. १९७५ च्या डिसेंबरमध्ये पीटर सायट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला तोपर्यंत खेळाडू आयुष्यभर एका क्लबला बांधलेला असायचा. तो हक्क मिळून दहा वर्षं होतायत तोवर १९८५ ते १९८७ मध्ये मालकांनी आपापसात ठरवून फ्री एजंटना बोली लावणंच बंद केलं, आणि ते सिद्ध झाल्यावर २८ कोटी डॉलर भरून मिटवलं. ज्यांनी एकदा अघोषित कॅप लावून पाहिली त्यांच्यावर घोषित कॅपच्या बाबतीत विश्वास कोण ठेवेल? शिवाय कॅप म्हणजे कमाईचा ठरावीक टक्का खेळाडूंना, एनएफएलमध्ये साधारण ४८. मग कमाई म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या कामातला सगळ्यात कटकटीचा भाग हाच आहे.

एक उदाहरण घ्या. अटलांटा ब्रेव्हज हा शेअर बाजारात असलेला क्लब, म्हणून त्यांचे आकडे जाहीर असतात. २०२४ मध्ये बेसबॉलची कमाई सुमारे ५९.५ कोटी आणि स्टेडियमला लागून बांधलेल्या हॉटेल, दुकानं, ऑफिसं यांची सुमारे ६.७ कोटी, वेगळ्या रकान्यात. ती दुकानं चालतात मॅचच्या गर्दीवर, मग ती बेसबॉलची कमाई की रिअल इस्टेटची? असंच टीव्हीचं. यँकीज, बोस्टन, शिकागो कब्ज यांचा आपापल्या चॅनलमध्ये मालकीहक्क आहे, आता क्लबने स्वतःच्याच चॅनलकडून फी किती घ्यायची? फी कमी दाखवली की शेअरिंग कमी, आणि नफा चॅनलच्या वहीत. यासाठी लीगची एक समिती बसते बाजारभाव ठरवायला, पण वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यातला एका चॅनलच्या फीचा वाद दहा वर्षांच्या वर कोर्टात फिरला आणि २०२५ ला मिटला. डॉजर्सच्या बाबतीत तर क्लब २०११ ला दिवाळखोरीत गेला होता, त्यातून विक्री होताना जी तडजोड झाली तिच्यामुळे त्यांच्या टीव्हीच्या पैशाचा फक्त काही भाग शेअरिंगला धरला जातो. वर काढलेली ३३ कोटींची सरासरी आठवा आणि मग ४८ टक्के कशाचे ते बघा.

मला विचाराल तर मी काय बदलेन? एक, तळाचा आकडा, आणि तो शेअरिंगशी जोडलेला, दीडपट ही तक्रारीची पायरी न ठेवता सरळ अट: एवढा पेरोल नसेल तर फरक चेकमधून कापा आणि त्याच क्लबच्या खेळाडूंना वाटा. दुसरं, शेअरिंगची रक्कम क्लबच्या प्रत्यक्ष कमाईवर न ठरवता बाजाराच्या आकारावर ठरवा, शहराची लोकसंख्या, टीव्ही असलेली घरं, उत्पन्न. पिट्सबर्ग लहान आहे म्हणून त्याला इतके मिळणार, विषय संपला, त्याच्या वर त्याने कष्टाने मिळवलेला प्रत्येक डॉलर त्याचा. मग जिंकण्याचा मोबदला पूर्ण हातात येतो. मालकांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये १० कोटींचा फ्लोअर, म्हणजे तळाचा आकडा, पुढे केला होता, पण बरोबर टॅक्सची रेषा १८ कोटींवर खाली आणायची अट, म्हणजे खालून थोडं देऊन वरून भरपूर काढून घ्यायचं, युनियनने नाही म्हटलं आणि मला ते बरोबर वाटलं.

सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी लॉकआउट (मालकांनी केलेली टाळेबंदी) ९९ दिवस चालला, २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२, पण मॅच सगळ्या झाल्या. १९९४ ला संप २३२ दिवस चालला आणि १९०४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजच झाली नाही. त्या संपाच्या आधीची एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते. जानेवारी १९९४ मध्ये फोर्ट लॉडरडेलला मालकांची बैठक झाली, तिथे मोठ्या क्लबनी शेअरिंगला होकार दिला पण एका अटीवर, खेळाडूंनी कॅप मान्य केली तरच. म्हणजे लहान क्लबना द्यायचे पैसे मोठ्यांनी स्वतःच्या खिशातून न देता खेळाडूंच्या पगारातून काढायचे ठरवले होते. आता पुन्हा कॅपचा सूर लागलाय त्याच्या मागे मला तीच मागणी दिसते.

यावेळी एक गोष्ट वेगळी आहे. लोकल टीव्हीच कोसळतोय. बऱ्याच क्लबच्या मॅच दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स २०२३ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली, मे अखेरीस सॅन डिएगोच्या मॅच लीगला स्वतः दाखवाव्या लागल्या, मग अ‍ॅरिझोनाच्या. राष्ट्रीय करार २०२८ ला संपतायत आणि कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना तेव्हा लोकल हक्कसुद्धा एकत्र विकायचेत, म्हणजे आयपीएलसारखं. ज्यांचं चॅनल बुडालं ते क्लब आजच तयार आहेत. पण यँकीज, बोस्टन, कब्ज यांना स्वतःचं चॅनल सोडावं लागेल, आणि डॉजर्सचा करार २०३८ पर्यंतचा आहे. टीव्हीवर सगळं भांडण खेळाडू विरुद्ध मालक असं दिसेल, तुम्ही मात्र या चार क्लबकडे लक्ष ठेवा, कारण त्यांना किती भरपाई देऊन एकत्र आणायचं यावरच पिट्सबर्गच्या पुढच्या स्कीन्सला मागे बॅट्समन मिळणार की नाही ते ठरणार आहे.